ओढणीखालचा हात

लखनौत राहून केस पांढरे झाले, तरी इथल्या एका गोष्टीचा माझा राग अजून गेलेला नाही. इथे माणसाला "कसे आहात?" असं विचारलं की खरं उत्तर मिळत नाही. अंगात ताप असो, घरात भांडण असो, उत्तर ठरलेलं: "सब ख़ैरियत है, आपकी दुआ है." आमच्या सांगलीकडे असलं काही नाही. तिथे नुसतं "काय, बरं आहे ना?" म्हणायचा अवकाश, की पुढचा माणूस गुडघ्यापासून सुरुवात करून पित्तापर्यंत येतो आणि जाता जाता व्याह्यांची मूळव्याधही सांगून टाकतो. मला तेच बरं वाटतं. दुखतं तर दुखतं म्हणावं, त्यात लाजायचं काय?

नवरा रेल्वेत इंजिनिअर. बदली होऊन इथल्या चारबाग स्टेशनला रुजू झाला, आणि निवृत्तीनंतर परत जाऊ, परत जाऊ म्हणताना आम्ही अलीगंजातच राहिलो. मुलगी माझं सगळं मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. मी एका शाळेत इंग्रजी शिकवायची. तीही नोकरी संपल्यावर घरात बसून नवऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा बरं म्हणून आमच्या कॉलनीमागच्या वस्तीतल्या आरोग्यकेंद्रात जाऊ लागले.

आरोग्यकेंद्र म्हणजे एक मोठी खोली. वस्तीतल्या बहुतेक बायका चिकनचं भरतकाम करतात. दिवसभर मान खाली, पाठ वाकलेली, डोळे सुईच्या टोकावर. चाळिशीतच त्यांच्या माना आखडतात. त्यांच्यासाठी ती खोली होती. आठवड्यातून काही दिवस एक फिजिओथेरपीवाली मुलगी यायची, मधूनच डोळे तपासणारे यायचे, आणि बाकी वेळ बायका नुसत्या पाय पसरून बसायच्या. घरात पाय पसरून बसायला मिळत नाही, हेही एक दुखणंच आहे. खर्च करायची कॅनडातली एक लहानशी संस्था. अर्धं वर्ष बर्फात असलेल्या कुठल्याशा गावातले निवृत्त शिक्षक, नर्स असे लोक रविवारी गोड धिरड्यांसारखं काहीतरी करून विकायचे, आणि त्यातून अलीगंजमागच्या बायकांच्या माना सरळ व्हायच्या. मला याचं फार कौतुक होतं. अजूनही आहे, म्हणून तर जास्त चिडचिड होते.

खाला मला त्या खोलीतच भेटली. वस्तीत सगळे तिला खालाच म्हणतात, म्हणजे मावशी. तिचं जाळीचं काम असं होतं म्हणे, की दुकानदार स्वतः गल्लीत येऊन तिच्या दारात थांबायचे. मग अर्धांगवायूचा झटका आला. जीभ वाचली, चालणंही हळूहळू परत आलं, पण उजवा हात गेला. मूठ अशी आवळली की नखं तळव्यात रुतायची. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, त्या मुंगीचं काम फिजिओवाली मुलगी करत होती. ती एकेक बोट सोडवायची. खाला तिलाही "आराम है, बेटा, बहुत आराम है" असंच सांगायची. मुलगी लखनौचीच होती, त्यामुळे ती उत्तराकडे लक्ष द्यायची नाही. खालाच्या भुवयांकडे बघत राहायची आणि भुवया वर गेल्या की थांबायची.

असं करत करत बोटं उघडू लागली. कापडाचा काठ चिमटीत धरता येईल इतकी उघडली. खालाच्या सुनेने मला एकदा हळूच सांगितलं, की दुपारी सगळे झोपले की अम्मी पेटीतून झटक्याआधी भरायला घेतलेला, अर्धा राहिलेला कुर्ता काढतात आणि सुई धरायचा प्रयत्न करतात. सुई पडते. त्या डाव्या हाताने उचलतात आणि पुन्हा धरतात. कोणी जागं झालं की कुर्ता परत पेटीत. फिजिओवाली म्हणाली होती, आता खंड पडायला नको, पडला तर बोटं पुन्हा मिटतील आणि मग उघडणं कठीण.

अशातच कॅनडाहून पाहुणी येणार असल्याचं कळलं. संस्थेचं इथलं ऑफिस गोमतीनगरात, तिथले को-ऑर्डिनेटर साहेब मला फोनवर म्हणाले, "मैडम, दो सेंटर हैं, आगे एक ही चल पाएगा. जहाँ ज़्यादा ज़रूरत होगी, वही रहेगा. वो ख़ुद देखने आ रही हैं. आप ट्रांसलेशन कर दीजिएगा." मी लगेच वस्तीत गेले आणि सगळ्या बायकांना गोळा करून सांगितलं, की बायांनो, लाजू नका. जे दुखतं ते दुखतं म्हणा. जे होत नाही ते होत नाही म्हणा. यावरच खोली राहणार की जाणार ते ठरेल. सगळ्या एका सुरात "जी, बिल्कुल" म्हणाल्या. त्या "जी, बिल्कुल"लाच मी ओळखायला हवं होतं.

पाहुणीच्या दिवशी मी खोलीत पाऊल ठेवलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीत लग्नघर मांडलेलं. व्यायामाच्या चटया गुंडाळून कपाटावर. धरून चालायचे दोन लोखंडी दांडे होते, त्यांवर चादर घातलेली आणि वर झेंडूच्या माळा. काठ्या आणि वॉकर मागच्या मोरीत. जी बाई लंगडत चालते, तिला पाहुणी यायच्या आधीच गादीवर नेऊन बसवलेलं, म्हणजे तिचं चालणंच दिसायला नको. सगळ्यांच्या अंगावर ईदचे कपडे, डोळ्यांत सुरमा. समोर शामी कबाब, शाही तुकडा, थंडीतली मख्खन मलाई, आणि चार घरांतून मागून आणलेल्या बश्या.

"अरे, वो इलाज देखने आ रही हैं, बारात नहीं!" मी ओरडलेच.

खाला मध्यभागी बसली होती, पांढऱ्या ओढणीत. म्हणाली, "आप नाराज़ न हों. मेहमान पहली बार घर आए और हम उसके सामने अपना रोना ले के बैठ जाएँ? इतनी दूर से आ रही है बेचारी."

ताकाला जाऊन भांडं लपवणं ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. पण इथे भांडं लपवून, वर ताकवालीलाच जेवायला घालायचा घाट घातलेला होता. मी काठ्या बाहेर काढायला मोरीकडे निघाले, तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

पाहुणी चांगली होती. हे मला लिहायलाच हवं, कारण ती वाईट असती तर माझा राग सोपा झाला असता. उंच, पिकलेल्या केसांची, आयुष्यभर नर्स म्हणून काम केलेली बाई. बूट दाराबाहेर काढून आत आली. वाटेत बकरी आली तर बकरीलाही "सॉरी" म्हणाली. खाली मांडी घालून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, त्याबद्दलही सॉरी म्हणाली. मग तिने एकेकीला विचारायला सुरुवात केली. तिच्याकडे दवाखान्यात विचारतात तसं: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तर तुमचं दुखणं किती?

पहिली म्हणाली, "ज़ीरो." दुसरी म्हणाली, "अल्लाह का करम है, ज़ीरो." तिसरीची मान आखडून अशी झालेली, की शेजारणीशी बोलायला तिला सगळं अंग वळवावं लागतं. ती म्हणाली, "आपको देख के सारा दर्द भाग गया."

मी भाषांतर केलं आणि पुढे जोडलं, की हिला मान वळवता येत नाही, हिचं ऐकू नका. तेव्हा पाहुणीने माझ्या हातावर अगदी हळूच हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाली, "तुमचा हेतू चांगला आहे, मला माहीत आहे. पण मला त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. त्यांच्या वतीने आजवर दुसऱ्यांनीच फार बोलून घेतलं."

आता यावर काय बोलायचं? हे खरंच आहे. कोणीतरी तिला हे चांगलं शिकवलं होतं, आणि ती ते इमानदारीने पाळत होती. फक्त त्या शिकवणाऱ्याने लखनौ पाहिलं नव्हतं. पुढच्या उत्तरांचं मी नुसतं भाषांतर करत गेले. कोपऱ्यात फिजिओवाली मुलगी जमिनीकडे बघत उभी होती. तिची नोकरी को-ऑर्डिनेटर साहेबांच्या हातात, आणि ते दाराशी उभे राहून प्रत्येक उत्तराला हसतमुखाने मान डोलावत होते.

मग पाहुणी खालाकडे वळली. खालाने आदाब केला. उजवा हात ओढणीतून वर आला, कपाळापर्यंत गेला, मान किंचित झुकली, आणि सगळ्या बायका "वाह" म्हणाल्या. पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला सांगितलेलं होतं ना, की ह्याच हाताला झटका आलेला. तिने विचारून फोटो काढला.

मी खालाच्या बाजूला बसले होते. मला ओढणीखालचं दिसत होतं. तिच्या डाव्या हाताने उजव्याचं कोपर खालून धरलं होतं आणि तो ते वर ढकलत होता. ढकलताना थरथरत होता. मूठ मिटलेली, पण ओढणीच्या काठाने ती अशी झाकली होती की बोटं हौसेने मुडपल्यासारखी वाटावीत. नुसत्या आदाबासाठी तिने किती दिवस घरात तालीम केली असेल, कोण जाणे. या बाईला मी त्या क्षणी गदागदा हलवलं असतं.

"हाताला आता कसं वाटतं?" पाहुणीने विचारलं.

"माशाअल्लाह, बिल्कुल ठीक. आप कुछ खा नहीं रहीं, ये कबाब लीजिए ना."

मी भाषांतर केलं. अगदी तिच्याच तोंडचं, जसंच्या तसं. कबाबासकट.

काही दिवसांनी गोमतीनगरातून बोलावणं आलं. ऑफिस काचेचं, खिडकीतून समोरचा मॉल दिसतो. को-ऑर्डिनेटर साहेबांनी आधी चहा मागवला, मग थंडीची चौकशी केली, मग माझ्या मिस्टरांची, मग मुलीची. मला इतक्या वर्षांनी एवढं कळतं, की इथे चौकशी लांबली की बातमी वाईट असते.

"मैडम, ख़ुशख़बरी है," ते म्हणाले. "हमारा सेंटर सक्सेस माना गया है. मैम बहुत ख़ुश हैं. उन्होंने कहा, इतने तंदुरुस्त और हँसमुख लोग उन्होंने कहीं नहीं देखे."

"म्हणजे?"

"मतलब, यहाँ का काम पूरा हो गया. अब जहाँ ज़रूरत है, वहाँ..." आणि त्यांनी समोशांची बशी माझ्याकडे सरकवली.

शाळेत वर्गावर ओरडायचा माझा आवाज अजून शाबूत आहे, तो त्या दिवशी सगळ्या मजल्याने ऐकला असेल. मी म्हटलं, तुम्ही इथलेच ना? तुमच्या घरी आई आहे ना? "ज़ीरो" म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळत नाही? तुम्ही एका शब्दाने तिला का सांगितलं नाहीत?

ते खरोखर दुखावले. हातातला समोसा बशीत परत ठेवून म्हणाले, "मैडम, मेहमान थीं. उनके सामने अपने ही लोगों को झूठा कैसे कह देता?"

घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा पेपर खाली ठेवून म्हणाला, "अगं, पण तू रागावणार तरी किती जणांवर?"

"सगळ्यांवर!" मी म्हटलं.

कॅनडाच्या बाईंचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन लावला. तिकडे सकाळ होती, बाई दारातलं बर्फ फावड्याने काढून नुकत्याच आत आल्या होत्या, धापा टाकत होत्या. मी आदाबाचं सांगितलं, ओढणीखालच्या डाव्या हाताचं, मोरीतल्या काठ्यांचं, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "मी तिला विचारलं. ती बरी आहे म्हणाली. मी काय करायला हवं होतं? तिला स्वतःच्या हाताचं कळत नाही, असं समजायला हवं होतं का?"

"कळतं तिला. तुम्हाला सांगणार नाही, एवढंच."

"का?"

"कारण तुम्ही पाहुण्या."

मग त्या म्हणाल्या, की आमच्याकडे माणूस शून्य म्हणाला तर आम्ही शून्य धरतो. नाहीतर मग विचारायचंच कशाला? त्या रडवेल्या झाल्या होत्या. दुसऱ्या सेंटरला शब्द देऊन झाला होता. तिथल्या लोकांनी म्हणे पहिल्या मिनिटापासून तक्रारी मांडल्या, एकाने तर पाय उघडा करून जखम दाखवली. त्यांना गरज होतीच, मी नाही म्हणत नाही. फोन ठेवल्यावरही मी कितीतरी वेळ मनात त्या बाईंशी भांडत होते आणि हरत होते. पण एका म्हातारीची बोटं उघडता उघडता मिटणार, आणि त्याला जबाबदार म्हणून एकही वाईट माणूस सापडत नाही, याचा संताप मी कुठे ठेवायचा?

खोली गेली. लोखंडी दांडे ट्रकमधून गेले, त्यांवरच्या सुकलेल्या माळांसकट. आता तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फिजिओवाली मुलगी दुसऱ्या सेंटरला गेली. जाण्याआधी तिने सुनेला आणि मला बोटं कशी सोडवायची ते शिकवलं: आधी अंगठा, मग करंगळीकडून एकेक, मनगटाला आधार देऊन, हळू. सुनेचा हात सासूचं बोट ताणायला धजेना. उरले मी.

मी दुपारी जाऊ लागले. पण तिथेही तेच. मी गेले की खाला सुनेला हाक मारणार, चहा येणार, बिस्किटं येणार, चौकशा होणार. मग कुठे हात पुढे येणार, तोही उपकार केल्यासारखा. "दुखतंय का?" विचारलं की, "बिल्कुल नहीं, आपके हाथ में तो शिफ़ा है." माझ्या हाताला म्हणे गुण! मी भुवया बघायचा प्रयत्न करायची, पण ती माझ्यासमोर तोंड फिरवून बसायची. तिला न दुखवता करायचं म्हणून मी इतकं हळू करायची की त्याचा उपयोग शून्य. एक दिवस तिने कापडाचा काठ धरायचा प्रयत्न केला आणि कापड खाली घसरलं. आम्ही दोघींनी ते पाहिलं. "आज ठंड बहुत है," ती म्हणाली.

त्यानंतरच्या एका दुपारी मी दारातून आत येतेय, तर खालाने मला आदाब केला. तोच आदाब. उजवा हात ओढणीतून वर, आणि खाली डाव्याची थरथर.

माझ्यासमोर! माझ्यासमोर, जिला तो डावा हात माहीत होता! मी चपलाही काढल्या नाहीत. तशीच आत गेले, ती ओढणी ओढून बाजूला फेकली आणि म्हटलं, "ये नाटक उस मेम के लिए रखिए! मेरे सामने नहीं!" सून चहाचा कप घेऊन दारात थिजली. कोणाच्याही घरात, तेही लखनौत, तेही वयाने मोठ्या बाईच्या डोक्यावरची ओढणी ओढायची. माझी आई असती तर तिने मला तिथेच एक ठेवून दिली असती. पण माझं भान सुटलं होतं. मी खालाचा हात माझ्या मांडीवर घेतला, मनगटाला आधार दिला आणि अंगठा धरून, शिकवलं होतं तसा, पूर्ण बाहेर ताणला.

"दस में से कितना?"

"ज़ीरो," खाला म्हणाली. ओठ पांढरे पडले होते.

मी करंगळी धरली. "कितना?"

"ज़ी..."

"कितना, खाला?"

"ग्यारह!" ती अशी ओरडली की बाहेरची बकरी उठून उभी राहिली. "ग्यारह! हाय, मार डाला! रात को भी दुखता है, सुबह भी दुखता है, कंधा जल जाता है, और यह कमबख़्त सुई, एक सुई नहीं पकड़ी जाती मुझसे!" आणि मग तिला थांबवता येईना. मान निघाली, डोळे निघाले, गुडघे निघाले, मुलगा साधी विचारपूसही करत नाही ते निघालं, सुनेच्या डाळीतलं मीठ निघालं, ती मेम आणि तिचे ते ज़ीरो ते दहा निघाले. आमच्या सांगलीच्या बाया फिक्या पडल्या असत्या. ती रडत होती आणि बोलत होती, आणि सून कप तसाच धरून आ वासून ऐकत होती.

मी घाबरले. मला वाटलं, म्हातारीला काही होऊन बसेल. मी तिची करंगळी सोडून दिली आणि हात मागे घेतला.

खालाने डाव्या हाताने डोळे पुसले आणि उजवा हात पुन्हा माझ्या मांडीवर आणून टाकला.

"रुक क्यों गईं?" ती माझ्यावर खेकसली. "मेहमान हो क्या?"